पूर्नेचं पानी आन जानेफळची शीव

मी नवस बोलली तवा घरात होतो ते असे: मी, मायी सासू, मोठी जाऊ, पोट्टीचा बाप, उंबऱ्यावर टेकलेला सासरा, आन बाजीवर पोट्टी. शेजारची सुईनही होती, ती तवाच पाय धुवून आत आली होती. इतक्याइनं आयकलं. मनातल्या मनात बोलली असती त पुढचं काहीच घडलं नसतं.

पोट्टी पाच वर्साची. मोतीझऱ्याच्या तापाचा एकविसावा दिवस होता. आमचं गाव नांदुऱ्याकडचं, पूर्नेच्या काठाले. तवा वऱ्हाडावर इंग्रजाचं राज, कचेरीचा कागद नागपूरहून ये. डाक्तर मोठ्या गावाले, आमच्या गावात वैद्य. वैद्य सकायी आला, नाडी पाह्यली, पुडी न देता गेला. पोट्टीचे ओठ काये पडले होते. पानी घातलं त कोपऱ्यातून भाईर ये. मी उठली. भितीवर बालाजीची तसबीर होती, तिच्यापुढं जाऊन मोठ्यानं बोलली, "देऊळगावच्या बालाजी, पोट्टी वाचली त यात्रेले पायी येईन. अनवानी येईन, एकटी येईन. पूर्नेचं पानी तुया पायावर घालीन, वाटंत भुईले टेकू देनार नाही."

एकटी काऊन म्हनलं, ते मले आजही ठाव नाही. तोंडातून निंघालं. देवाले जास्त देल्लं म्हंजे तो जास्त आयकन, असं वाटलं असन.

पोट्टी वाचली. पोयाच्या सनाच्या आत अख्खी भाकर खाऊ लागली. मंग घरात दुसराच ताप सुरू झाला.

सासरा म्हने, "बावीस वर्साची बाई. पाच-सहा दिवसाची वाट. एकटी म्हंजे काय?"

सासू म्हने, "एकटी म्हंजे एकटी. मी आयकलं, तुमी आयकलं, देवानं आयकलं."

पोट्टीचा बाप कमी बोले. तो म्हने, "मी मांगं मांगं येतो. दोन वावरं सोडून."

"देवाले दोन वावरं दिसत नाही का?" सासू म्हने.

आमच्याइकडं तवा एक रीत होती. कोनी परका मानूस, कोनी एकटी बाई गावातून चालली, आन पाटलानं सांगतलं, त गावचा कोतवाल तिले शिवेपर्यंत पोचवे. शिवेवर पुढच्या गावचा कोतवाल उभा राहे, तो तिले घे. कोतवाल म्हंजे महारवाड्यातला मानूस, हातात घुंगराची काठी. सासऱ्यानं आमच्या पाटलाकडून चिठ्ठी लिहून आनली, वाटंतल्या सगळ्या पाटलाइच्या नावानं. सासूनं इचार केला आन तिनं निकाल देल्ला, "कोतवाल सोबत नाही होत. तो सरकारचा. सडकेवर मैलाचा दगड असते, तसा तो."

"मैलाचा दगड चालत नाही," सासरा म्हने.

"चालत नाही, पन सोबतही करत नाही." मंग सासू माया जोळ सरकली. "फकत त्याची सावली पान्याच्या गडव्यावर पडू देऊ नोको. पानी बाटलं त पोट्टीचा ताप माघारी येईन. हे ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. तेच मायं चुकलं, पन तवा मले कोनी इचारलं असतं त मीही हेच सांगतलं असतं. पोट्टीचा जीव त्या गडव्यात हाये, असं मले खरंच वाटे. आज हसाले येईन लोकाइले. मले तवा हसू नाही आलं.

जाऊनं निंघताना लुगड्याच्या सोग्याले तिखटाची पुडी बांधून देल्ली. म्हने, "भाकरीसंग खाजो. नाही त कोनाच्या डोयात टाकजो. दोन्हीले पुरन."

गडवा पितयेचा, तोंडाले फडकं, गळ्याले दोरी. डोक्यावर चुंबळ आन चुंबळीवर गडवा. एक हात सारखा वरच. थांबली की आधी झाड पाहाचं. फांदीले दोरी अडकवली तवा हात खाली येये. भाकर खाचं त झाड, पाय चोळाचे त झाड, लघवीले बसाचं त झाड. माळावर झाडं नसत, तवा मी तासन् तास दाबून चाले. बायाइले हे सांगा लागत नाही. मुक्कामाले पाटलाच्या नाही त ओयखीच्या घरी, चुलीजोळच्या खुटीले गडवा. घरच्या लेकराइले सांगाचं, हात लावू नोका. आन झोप कशी लागन, पाठ भुईले टेके पन डोया खुटीवर.

कोतवालाइले मी पयल्या गावापासूनच नेम सांगतला. सकायी सूर्य पाठीशी असे, सावली पुढं पडे, म्हनून सकायी त्यानं मायापुढं चालाचं. दुपारून सूर्य समोर ये, तवा त्यानं मांगं चालाचं. आन पन्नास पावलाचं अंतर. एका कोतवालानं नुसती मान हालवली. एक म्हने, "बाई, ढग आला त कुठून चालू?"

पयले दोन दिवस बरे गेले असं म्हनता येईन. काही झालं नाही, पन जीव ठिकानावर नव्हता. जवारी डोक्याच्या वर गेली होती, कापसाची पराटी फुटाले आली होती. दोन्ही अंगाले जवारी आन मधून गाडवाट. वारा नसला तरी पानं वाजत. कुठी ससा पये, कुठी कोनी वावरात काम करे, मले कयत नसे. मी थांबे, कान देये, पुन्हा चाले. समोरून मानसं आले की आधी त्याइच्या हाताइकडं पाहे. इळा हाये की नाही, कावड हाये की नाही. रिकाम्या हाताच्या मानसाचं जास्त भेव वाटे. घाट चढून वर आली तवा पायाच्या तळव्याले फोड होते, आन फोडाचं दुखनं बरं वाटे, कारन तितका येळ दुसरं काही सुचत नसे.

तिसऱ्या मुक्कामाले जानेफळ. सासूच्या मावसबहिनीच्या घरी उतरली. त्या घरी एक पावना बसला होता. आपल्यातलाच, पांढरं धोतर, बगलंत छत्री. वसरीवर बसून घरच्या मालकासंग पिकाचं बोलून राह्यला होता. मी कोन, कुठून आली, गडव्यात काय, सगळं त्यानं आयकलं. म्हने, "लय मोठं मन हाये बाईचं." घरची म्हातारी हरकली.

सकायी कोतवाल दाराशी आला. म्हातारा होता, दाढी पांढरी, एका पायानं जरा लंगडे. मी नेम सांगतला. त्यानं सूर्याकडं पाह्यलं, मायाकडं पाह्यलं, आन म्हने, "पुढं चालू म्हनता, बाई. पन मी पुढं आन तुमी मांगं, म्हंजे कोन कोनाले पोचवून राह्यलं?"

मी म्हनलं, "अंतर सोडून चालजो."

"सोडतो. अंतर सोडाची आमाले सवय हाये."

तो पुढं निंघाला. घुंगरू वाजत, त्याच्या लंगड्या पायानं एक आवाज मोठा, एक लहान. मी त्या आवाजावर पाय टाकत चालली.

अर्धा कोस गेलो असू. मांगून हाक आली, "ओ ताई." पाहतो त रातचा पावना, छत्री उघडलेली. म्हने, साखरखेर्ड्याले जाऊन राह्यलो, त्याच वाटंनं. मी चालत राह्यली. तो जोळ आला आन पुढच्या कोतवालाकडं पाहून हळूच म्हने, "त्याले कायले संग घेतलं? चालता चालता मांगं पुढं झाला, सावली पडली, म्हंजे तुमचं सगळं पान्यात."

तेच मायं भेव. तीन दिवस मी त्या सावलीवर डोया ठेवून मान मोडून घेतली होती. तो म्हने, "मी हाये ना. घरच्याइनं रात्री पाह्यलं मले. शिवेपर्यंत काय, साखरखेर्ड्यापर्यंत पोचवतो."

मी कोतवालाले हाक मारली. म्हनलं, "तू जा आता माघारी. हे हायेत."

तो थांबला. वाट सोडून वावराच्या धुऱ्यावर उभा राह्यला, लांबच. "बाई, शीव अजून आली नाही."

"हे पोचवतील."

"पाटलानं मले सांगतलं शिवेपर्यंत."

पावना म्हने, "बाई सांगून राह्यली ना बे. जा."

कोतवालानं मायाकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. तो जानेफळच्या दिशेनं चालू लागला. घुंगराचा आवाज मांगं मांगं गेला आन जवारीत बंद झाला.

पावना चांगलं बोले. पावसाचं, कापसाचं, त्याच्या बहिनीचं. मंग म्हने, "नवरा संग काऊन नाही आला?" मी म्हनलं, नवस एकटीचा हाये. मंग म्हने, "एकटीले भेव नाही वाटत?" मंग काही येळ बोललाच नाही. त्याचं बोलनं बरं होतं, गप्प राह्यनं बरं नव्हतं. मी पाय उचलले. तोही उचले.

सकायपासून मी लघवीले बसली नव्हती. वाटंत झाड नाही, नुसती जवारी. त्याले कसं कयलं कोनाले ठाव. म्हने, "ताई, थांबाचं असन त थांबा. गडवा द्या मायापाशी. आपल्यातलाच हाये, बाटत नाही."

मी देल्ला. तीन दिवसात पयल्यांदा तो गडवा मी मानसाच्या हातात देल्ला. वाटलं, डोक्यावरचं ओझं उतरलं.

आली त तो वाटंवर नव्हता. पलीकडच्या जवारीत दहा-बारा ओयी आत उभा होता. छत्री मिटलेली, दोरीनं गडवा लोंबता.

"भाऊ, गडवा द्या."

"देतो ना. आत या. इथं ऊन नाही."

"वाटंवर द्या."

"हात दुखून राह्यला, ताई." आवाज चढला नव्हता त्याचा. गायीले चुचकारतात तसा बोले. त्यानं दोरी सैल सोडली, गडवा भुईपासून ईतभरच वर राह्यला. "ठेवू का खाली?"

मले पोट्टीचे काये ओठ दिसले. हे मी एका जाऊबिगर कोनाले सांगतलं नव्हतं, सासूले नाही, नवऱ्याले नाही. आता सांगतो. मी आत गेली. एक पाऊल टाकलं, मंग दुसरं. मले सगळं कयत होतं, तरी गेली. मी गडव्याच्या मांगं गेली.

त्यानं मनगट धरलं. तिखटाची पुडी डाव्या अंगाले, गाठ जाऊनं अशी कसून मारलेली की एका हातानं सुटंना. ओरडावं त तो दोरी सोडन. मी त्या गडव्याच्या बुडाकडं पाहत उभी राह्यली आन मनगट सोडवाले पिळत राह्यली.

घुंगरू वाजले. एक मोठा, एक लहान.

कोतवाल वाटंवर उभा होता. म्हने, "पावनं, बाईले शिवेपर्यंत पोचवाचं हाये."

"तुले जा म्हनलं होतं ना बे."

"म्हनलं होतं. मी बाभयीखाली बसलो जरा. मंग ध्यानात आलं, शिवेचा दगड काही आला नाही."

"मांगं हो. तुयी सावली गडव्यावर पडून राह्यली."

कोतवालानं खाली पाह्यलं. खरंच पडली होती. लांब सावली, जवारीच्या धांड्याइवरून वाकडी होत थेट गडव्यावर. "पडली खरी," तो म्हने, आन आनखी जोळ आला.

पावन्यानं मायं मनगट सोडलं आन दोरीही सोडली. भेवानं सोडली की मुद्दाम, ते मले सांगता येत नाही. म्हातारा गुडघ्यावर पडला. काठी एकीकडं गेली, पागोटं एकीकडं. दोन्ही तळहात त्यानं गडव्याखाली घातले. अर्धं पानी त्याच्या हातावर सांडलं, भुईत गेलं. पावना जवारीतून निंघून गेला, लय येळ धांडे वाजत राह्यले.

म्हातारा तसाच गुडघ्यावर. धापा टाकत म्हने, "बाई, भुईले टेकला नाही."

तो हात वर धरून राह्यला. त्याच्या कोपराले खरचटलं होतं, रगत येत होतं. त्याले गडवा खालीही ठेवता येईना आन मायापुढं सरकताही येईना. मंग मी घेतला. बोटाले बोट लागलं.

तो उठला, काठी शोधली, पागोटं झटकलं. म्हने, "आता पुढं चालू की मांगं?"

"बाजूनं चाला," मी म्हनलं.

शिवेपर्यंत दोघं बाजूनं चाललो. तो एकदाच बोलला, "मी कोनाले सांगत नाही. तुमीही सांगू नोका." शिवेच्या दगडापाशी पुढच्या गावचा कोतवाल बिडी ओढत बसला होता. म्हातारा त्याले म्हने, "गडवा भुईले टेकवाचा नाही, आन बाईच्या मांगं राहू नोको. बाजूनं चाल." मंग माघारी फिरला. मी त्याले पानी इचारलं नाही, कोपराले बांधाले चिंधी देल्ली नाही. गडव्यात अर्धं पानी होतं, मी तेच धरून उभी.

पुढचे दोन दिवस मानसाइचं भेव गेलं. दुसरं लागलं. पानी बाटलं की नाही, हेच डोक्यात. ओतून द्यावं त नवस मोडला. घालावं त देवाले फसवलं. दुसऱ्या पान्यानं गडवा भरून घ्यावा, असंही एका विहिरीवर मनात आलं, हात दोरीकडं गेलाही. घेतलं नाही. सिंदखेडच्या वाटंनं मी चालली की पयाली, मले आठवत नाही. पायाच्या फोडाइतून रगत ये, आन मी मोजे, कोपराचं रगत पान्यात पडलं का, नाही पडलं.

देऊळगावले यात्रा भरली होती. गर्दीत पुजाऱ्यानं हात पुढं केला. "कुठलं पानी?"

"पूर्नेचं."

"सोवळ्याचं हाये ना?"

मांगून लोक रेटून राह्यले होते. मी म्हनलं, "भुईले टेकलं नाही."

त्यानं घेतलं. घातलं. एका पयात झालं.

हिवायात पोट्टीले ताप आला. तीन दिवस. सासू शेक देये आन म्हने, "उतरन, पानी शुद्ध गेलं हाये." मी चुलीपुढं बसे आन उठे, बसे आन उठे. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं, सांगतो म्हनून, तितक्यात सासू म्हने, दूध उतू जाऊन राह्यलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, साधा खोकल्याचा होता. पन मंग कितीतरी वर्सं पोट्टीले शिंक आली तरी मायं काम हातातून सुटे.

जाऊले एकदा सांगतलं, कापूस वेचता वेचता. तिनं सगळं आयकलं. एक बोंड वेचलं आन म्हने, "म्हंजे तिखट तसंच माघारी आनलं तुनं." मंग दोघी हसलो. मंग ती म्हने, "आत गेली म्हनून तू स्वताले काही बोलू नोको. मीही गेली असती."

पोट्टी आज आजी हाये. ताप, मोतीझरा, काही माघारी आलं नाही. कोतवालाचं नाव मले ठाव नाही. चिठ्ठीत सगळ्या पाटलाइचे नावं होते, कोतवालाइचे नव्हते. मी जा म्हनलं, पावन्यानं जा म्हनलं, तरी तो गेला नाही म्हनून मी घरी आली. शुद्ध पान्यानं पोट्टी वाचली, असं सासू मरेपर्यंत सांगत राह्यली, आन मी तिच्या बाजूले बसून गप्प राह्यली. हे गप्प राह्यनं माया हातून बरं झालं नाही, म्हनून उशिरानं का होईना सांगून टाकलं.

मले दुसरीपर्यंतच शाळा. वाचनाऱ्याले एकच सांगनं हाये. तुमच्या दारावरून कोनी बाई पायी देवाले एकटी जात असन, त तिले पुढच्या गावापर्यंत पोचवा. ती जा म्हनन, लाजन, रागवन, तरी अर्ध्या वाटंवरून फिरू नोका. आन पोचवलं की ती इचारन म्हनून थांबू नोका, तुमीच तिले तुमचं नाव सांगा, म्हंजे तिले ते ठाव राहीन.